रानाने दिले तरच मिळते: वन्यजीवांच्या बातम्यांत किंमत छापू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मांडूळ जातीचा साप, खवल्या मांजर, वाघाची नखे किंवा मिशा पकडल्याची बातमी आपल्या आणि इतर दैनिकांच्या नागपूर आवृत्त्यांत अधूनमधून येत असते, आणि पुष्कळदा तिच्या मथळ्यातच त्या जिवाची ‘आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत’ लाखांत किंवा कोटींत दिलेली असते. ह्या किमतीविषयी मला तक्रार करायची आहे. ती नीट समजावी म्हणून आधी शिकारीविषयी, म्हणजे शिकारीवर जगलेली माणसे प्राण्याविषयी आणि आपल्या नशिबाविषयी काय मानत आली त्याविषयी, थोडे विस्ताराने लिहावे लागेल. कारण अशी बातमी वाचून आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातले सुशिक्षित लोक हमखास म्हणतात की, हा सगळा जंगलातल्या लोकांच्या अंधश्रद्धेचा परिणाम आहे. मी त्या जंगलात सात वर्षे राहिले आहे, आणि हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

१९७९ ते १९८६ या काळात मी एटापल्ली भागातील एका शाळेत शिक्षिका होते. रुजू झाले तेव्हा तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. गाव माडिया गोंडांचे होते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्येच झाला होता, पण तो त्या गावापर्यंत पोचलेला नव्हता, आणि पेरणीआधीच्या विज्जा पंडुम या सणाच्या दिवसांत गावातले पुरुष तीर-कामठे घेऊन रानात जात. चौथीच्या वर्गातील एका मुलाने निबंधात लिहिले, ‘माझ्या आजोबांना सांबर मिळाले.’ मी लाल शाईने ते खोडून ‘माझ्या आजोबांनी सांबर मारले’ असे दुरुस्त केले. मुलगा घुटमळत उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, असं नाही लिहायचं.’ मी त्याला व्याकरण समजावले. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांना मराठी फारशी येत नव्हती, म्हणून नातवानेच दुभाष्याचे काम केले. त्यांचे म्हणणे असे होते की, ‘मारले’ असे बोलले की रान ते ऐकते, आणि पुढच्या खेपेला जनावर समोर येत नाही. जनावर येते ते स्वतः येते. त्याला यायचे नसेल तर जगातला कोणताही तीर त्याला लागत नाही.

मी ती दुरुस्ती मागे घेतली. त्या वेळी म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा एवढाच माझा हेतू होता. ‘मारले’ आणि ‘मिळाले’ यांत किती अंतर आहे हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. ‘मारले’ म्हटले की कर्ता मी असतो आणि गोष्ट तेथेच संपते. ‘मिळाले’ म्हटले की देणारा कोणीतरी आहे हे गृहीत धरावे लागते, आणि देणारा असला की घेणाऱ्यावर बंधने येतात. त्या गावात ती बंधने मी रोज पाहत होते. रानात निघताना कोणत्या जनावराच्या मागावर जायचे त्याचे नाव कोणी घेत नसे. परत आल्यावर पहिला वाटा पेनाचा, म्हणजे देवाचा; मग उरलेले मांस पारधीला गेलेल्यांत आणि न गेलेल्यांतही वाटले जाई, आणि घरात कर्ता पुरुष नसलेल्या बाईच्या दाराशी ते न मागता पोचत असे. रिकाम्या हाताने परतलेला माणूस ‘आज रानाने दिले नाही’ असे म्हणे. त्यात चडफड नसे. उलट मागच्या खेपेला आपल्याकडून काही चुकले का, वाटणीत कोणी राहून गेले का, याचा तो विचार करी.

गोंडांच्या कुळांत काही झाडे आणि काही प्राणी कुळाचे म्हणून मानतात आणि आपल्या कुळाच्या प्राण्याला इजा करत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. टेकाम हे आडनाव सागाच्या झाडावरून आले आणि मरकाम आंब्यावरून. ज्या नागपुरात बसून मी हे पत्र लिहीत आहे ते शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास वसवले, आणि ज्या ताडोब्याच्या नावाने आज हे शहर वाघांची राजधानी म्हणून मिरवते, ते नावही गोंडांच्या देवाचे आहे. तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचा देव झाला, अशी ती कथा आहे. ताडोब्याच्या तलावाकाठच्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे आदिवासींची यात्रा भरत आली आहे. वाघाच्या पंजाने मेलेल्या माणसाचे नाव ज्या रानाला मिळाले, त्या रानात वाघही टिकला, हे मला फार मोलाचे वाटते. तिकडे सह्याद्रीत वारली आणि महादेव कोळी वाघबारस पाळतात. आपण शहरात ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी ते वाघोबाची करतात.

निवृत्तीनंतर मी जगातील इतर शिकारी समाजांविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि त्या आजोबांचे म्हणणे मला ठिकठिकाणी भेटत गेले. उत्तर कॅनडातील क्री लोक मानतात की प्राणी शिकाऱ्याला स्वतःहून आपला देह देतो. म्हणून ते अस्वलाची कवटी झाडावर उंच बांधून ठेवतात आणि हाडे कुत्र्यांच्या तोंडी लागू देत नाहीत. बर्फाच्या मुलखातील इन्युइट मारलेल्या सीलच्या तोंडात गोडे पाणी घालीत, कारण आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहिलेला तो जीव तहानलेला असतो अशी त्यांची श्रद्धा होती. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातील सान लोकांची रीत तर मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तेथे मांस वाटण्याचा मान ज्या तीराने जनावर पडले त्या तीराच्या मालकाचा असतो, आणि तीर एकमेकांना उसने दिलेले असतात. त्यामुळे जो स्वतः धावू शकत नाही अशा म्हाताऱ्यालाही तो मान मिळू शकतो. शिवाय मोठे सावज आणणाऱ्या तरुणाला सगळे मिळून मुद्दाम म्हणतात, हे कसले हाडांचे गाठोडे आणलेस! त्याच्या मनात गर्व शिरू नये म्हणून ही खबरदारी. क्री, इन्युइट, सान आणि आमचे माडिया यांची कधी गाठ पडली असण्याची शक्यता नाही, तरीही नशिबाविषयी त्यांचे म्हणणे एकच आहे: ते उसने मिळते, आणि उसने घेतलेले वागणुकीने फेडावे लागते.

ह्यातील एक गोष्ट मी माझ्या स्वतःच्या घरात अनुभवली आहे. माझ्या आजोबांकडे परवान्याची बंदूक होती आणि उमरेडच्या बाजूला ते शिकारीला जात. त्यांनी मारलेल्या एका वाघाचे नख सोन्यात मढवून माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात बांधले होते. मूल धीट होते आणि त्याला नजर लागत नाही, असा समज त्यामागे होता. तो अडीच-तीन वर्षांचा असताना त्याला वारंवार ताप येऊ लागला. आजोबांच्या शिकारीत हाका घालायला, म्हणजे जनावर उठवून शिकाऱ्याकडे हाकायला, येणारा एक म्हातारा गोंड घरी आला होता. त्याने ते नख पाहिले आणि आईला सांगितले की, वाघाची वस्तू माणसाच्या अंगावर राहिली तर वाघ ती मागत राहतो. ज्याचे त्याला परत करून टाका. आईने सोनाराकडून नख काढवून घेतले आणि गावच्या शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी खड्डा करून पुरले. आजोबा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भावाचा ताप त्यानंतर उतरला की त्याआधीच उतरू लागला होता, हे मला आठवत नाही, आणि त्यावरून मला काही सिद्धही करायचे नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, त्या घटनेत वाघनखाला भाग्याचे ताईत मानणारे आम्ही शिकलेले, जमीनजुमला असलेले लोक होतो, आणि ते परत करा म्हणणारा रानातला माणूस होता.

मी ह्या श्रद्धांना सोवळे मानत नाही. हाक्यासाठी रानाला आग लावण्याचे प्रकार झाले आहेत, ठिकठिकाणच्या सामूहिक पारधींत लहान-मोठे काहीही न पाहता जीव मारले गेले आहेत, आणि विदर्भातील वाघांच्या शिकारीच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांमध्ये पिढीजात शिकारी जमातींतील माणसेही होती. रान मोठे आणि माणसे थोडी होती तेव्हा जी रीत पुरेशी होती, ती आज पुरेशी नाही. म्हणून शिकारबंदी योग्यच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जंगलावरचे कितीतरी हक्क दिले, पण शिकारीचा आणि फासे लावण्याचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला, आणि त्याच कायद्याने वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. मला दोन्ही मान्य आहेत. अशा जमातींपैकी पारध्यांविषयी मात्र एवढे लिहिलेच पाहिजे की, ज्या जमातीला १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले आणि जिच्यावरचा तो शिक्का कागदोपत्री १९५२ मध्ये निघाला, तिचे तित्तिर-लाव्यांविषयीचे आणि गवताळ रानांविषयीचे ज्ञान आपण कधी विचारलेच नाही. अकोला आणि वाशीम भागात तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्यासाठी फासेपारध्यांच्या मदतीने काम झाले आहे. तेथे ते ज्ञान विचारले गेले.

ज्यांच्यामुळे रान खरोखर रिकामे झाले त्यांना नशिबाची अशी कोणतीच भीती नव्हती. इंग्रज सरकार वाघ मारण्यासाठी इनाम देत असे. सरगुजाच्या एका महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. भारतातील शेवटचे म्हणून ओळखले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजांनी मारले. ही दोन्ही संस्थाने आपल्या जुन्या मध्य प्रांताला लागूनच होती. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेली त्या काळची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. निबंध लिहिणाऱ्या त्या माडिया मुलाचे आजोबा तसे कधीच उभे राहिले नसते.

आता किमतीकडे येते. आजच्या ‘भाग्याच्या’ बाजारात काय चालते ते पाहा. मांडुळाची शेपटी बोथट असते, ती तोंडासारखी दिसते, एवढ्या कारणावरून त्याला दुतोंड्या ठरवले आणि तो पैशांचा पाऊस पाडतो अशी आवई उठवली. घुबड हे लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि लक्ष्मी यावी म्हणून दिवाळीच्या सुमारास त्याचाच बळी द्यायचा. वीस-एकवीस नखांचे कासव शोधत फिरायचे. ‘हत्थाजोडी’ म्हणून एक वाळकी वस्तू दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाते. ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे कापलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये उघड झाले. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. लोक ती वस्तू शेंदूर लावून तिजोरीत ठेवतात आणि आपण काय ठेवले आहे हे त्यांना ठाऊकही नसते. ह्या बाजाराचा रानातल्या श्रद्धेशी काय संबंध आहे? रानात श्रद्धा होती तेथे जनावराला नकार देण्याचा अधिकार होता, मांसाची वाटणी होती, चुकीची धास्ती होती. येथे ते सारे कापून टाकले आहे आणि ‘भाग्य’ हा एकच शब्द ठेवला आहे, तोही विकण्यासाठी. गिऱ्हाईक शहरातले, मांत्रिक बहुतेक शहरातला किंवा तालुक्याच्या गावचा, आणि पकडला जातो तो साप पोत्यात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असलेला पोरगा.

असा एक पोरगा माझा विद्यार्थी होता. पुढे माझी बदली भंडारा जिल्ह्यात झाली, तेथल्या शाळेतला. अभ्यासात बरा होता, वावर थोडे होते, बापावर कर्ज होते. काही वर्षांपूर्वी तो मांडूळ विकताना पकडला गेला. जामिनावर सुटल्यावर तो मला भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारले की, तुला हे कोणी शिकवले? त्याने एखाद्या मांत्रिकाचे नाव घेतले असते तर मला आश्चर्य वाटले नसते. तो म्हणाला, ‘बाई, पेपरात वाचलं.’ एका सापाचे इतके लाख, असा मथळा त्याने वाचला होता, आणि तसा साप आपल्या धुऱ्यावर दर पावसाळ्यात निघतो हे त्याला माहीत होते. त्या मथळ्यापूर्वी तो साप त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने उंदीर खाणारा गरीब जीव होता. त्याला कोणी काठी लावत नसे.

ती किंमत कोणी ठरवली, हे वाचकाला कोणतीही बातमी सांगत नाही. ज्या वस्तूचा कायदेशीर व्यवहार होऊच शकत नाही तिचा बाजारभाव असतो तो फसवणाऱ्यांच्या बोलण्यात. पकडलेला आरोपी एक आकडा सांगतो, तो तपासाच्या टिपणात येतो, तेथून पत्रकार परिषदेत येतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापला जातो. अशा रीतीने ज्या आकड्याला काडीचा आधार नव्हता त्याला वर्तमानपत्राचा आधार मिळतो. पुढचा दलाल तेच कात्रण गिऱ्हाइकाला दाखवतो. कारवाई मोठी दिसावी म्हणून अधिकाऱ्यांना आकडा द्यावासा वाटतो आणि बातमी उठावी म्हणून वार्ताहराला तो घ्यावासा वाटतो, हे मी समजू शकते. दोघांचाही हेतू वाईट नसतो.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, वन्यजीव किंवा त्यांचे अवयव जप्त झाल्याच्या बातमीत किंमत मथळ्यात आणि मजकुरातही देऊ नये. त्या जागी शिक्षा द्यावी: पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत ती किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये आहे. मांडूळ विषारी नाही, त्याला एकच तोंड आहे आणि तो शेतातील उंदीर खातो, हेही द्यावे. जेथे पैशांचा पाऊस किंवा गुप्तधन यांचा उल्लेख आहे तेथे जादूटोणाविरोधी कायदा लावला गेला की नाही, हे वार्ताहराने अधिकाऱ्यांना विचारावे. तो कायदा डिसेंबर २०१३ मध्ये ह्याच नागपुरात, हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याची आठवण ठेवण्याची जबाबदारी इतर शहरांपेक्षा आपल्यावर अधिक आहे. आणि पोत्यासह पकडलेल्या मुलाचे छायाचित्र छापताना, त्याला पाठवणारा आणि विकत घेणारा यांचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावाही करावा.

व्याघ्रपर्यटनाच्या बातम्यांविषयीही थोडे लिहिते, कारण तेथेही नशिबाचीच भाषा चालते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांतील माणसे आम्ही किती भाग्यवान म्हणून छायाचित्रे काढत होती. मुले घेऊन निघालेल्या मादीची वाट अडवायची नसते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. सफारीला निघण्याआधी प्रवेशद्वारावर नियमांचा फलक वाचायला लावतात, त्याऐवजी जवळच्या गावातील एखाद्या वृद्ध गोंड माणसाला मानधन देऊन दहा मिनिटे बोलू द्यावे, अशी सूचना मी वनविभागाला लेखी केली आहे; तिचे उत्तर अजून आलेले नाही.

गेल्या काही वर्षांतील अशा बातम्यांची कात्रणे मी एका वहीत चिकटवून ठेवली आहेत. प्रत्येकीत छापलेली किंमत मी लाल शाईने अधोरेखित केली आहे. एकाच जातीच्या, जवळजवळ सारख्याच वजनाच्या सापाची किंमत वेगवेगळ्या बातम्यांत किती वेगवेगळी दिली गेली, हे त्या वहीत एका नजरेत दिसते. आपण वेळ दिल्यास ती वही घेऊन मी आपल्या कार्यालयात येईन.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर